कणगीतली क्लॅरिनेट

मी माणसं दातांवरून लक्षात ठेवते. यात मिरवण्यासारखं काही नाही, धंद्याची खोड आहे. भोरच्या बाजारात कुणी "ओळखलंत का?" म्हणून हसलं, तर नाव आठवायच्या आधी मला त्याची वरची डावी दाढ आठवते. गुलाबमास्तरही मला आधी दातांनीच भेटले.

वेल्ह्यात स्टँडजवळ माझा एक छोटा दवाखाना होता. एक खोली, एक खुर्ची आणि बाहेर एक बाकडं. आठवड्यातून दोनदा मी भोरहून निघून नसरापूरला गाडी बदलून तिथे जायची. तिकडे दात दाखवायला कुणी येत नसे, काढायलाच येत. तंबाखूची मिश्री लावून लावून दात हलायला लागले की गावठी औषधं करायची, लवंग धरायची, आणि सगळं करून झालं की माझ्याकडे येऊन "उपटा" म्हणून आ वासायचा. म्हणून आषाढात एकदा साठी उलटलेले एक गृहस्थ खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बाई, उपटायचा न्हाई," तेव्हा मी जरा नीट बघितलं.

वरचे पुढचे दोन दात. हिरड्या पार सुटलेल्या. बोट लावलं की दात झुलायचे. पण माझं लक्ष वेगळीकडेच गेलं. दोन्ही दातांच्या कडेला एक गुळगुळीत, उथळ खाच होती. अशी खाच मी शिंप्यांच्या दातांना पाहिली होती, वर्षानुवर्षं दोरा तोडून पडलेली. मी ऐटीत विचारलं, "शिवणकाम करता ना?"

"शिवनकाम? न्हाई बा."

"मग सुतारकी? खिळे धरता दातात?"

"दातात खिळं न्हाई धरत."

"मग काय धरता?"

गृहस्थ लाजले. "पुढल्या बारीला आनून दावतो," म्हणाले, आणि मुद्द्यावर आले. "ह्ये दोन दिवाळीपातूर ऱ्हातील का?"

"मला विचाराल तर हे आज संध्याकाळपर्यंतसुद्धा राहायच्या लायकीचे नाहीत."

"लायकीचे न्हाईत, व्हय. पर ऱ्हातील का?"

पुढच्या खेपेला त्यांनी पिशवीतून पंच्यात गुंडाळलेली काळी क्लॅरिनेट काढली. तिचं तोंड वरच्या दातांवर टेकवायचं, खालचा ओठ आत घ्यायचा आणि फुंकायचं. चाळीसएक वर्षं त्या दोन दातांवर ती टेकली होती. दातांना खाच तिची होती आणि तिच्या तोंडालाही या दातांच्या दोन खळ्या पडल्या होत्या. मी त्या खळ्यांवरून बोट फिरवलं आणि कॉलेजात सगळं शिकवलं पण हे कुणी कसं दाखवलं नाही, असं वाटून गेलं. बाहेर बाकड्यावर गाल धरून बसलेल्या एका बाईंनी "वाजवा की मग," म्हणून आग्रह केला. मास्तर म्हणाले, "एकट्यानं काय वाजवू? म्या दुसरी वाजवतो."

दुसरी म्हणजे काय, हे कळायला मला थोडे दिवस लागले. मास्तर मार्गासनीचे, घरचं भाताचं शेत, पण तरुणपणी भोरच्या एका बँडपार्टीत शिरले. त्या पार्टीचे वस्ताद म्हणजे फार जुने गृहस्थ. संस्थानच्या काळात दरबारच्या बँडमध्ये होतो, असं सांगायचे. खरंखोटं कुणी तपासलं नाही, पण एक गोष्ट ते इतर बँडवाल्यांसारखी करत नसत. बाकी सगळीकडे सगळे पितळी भोंगे एकच चाल वाजवतात. या वस्तादांकडे पहिली क्लॅरिनेट चाल वाजवायची, आणि दुसरी तिच्याखाली वेगळीच काहीतरी. पहिली वस्तादांची. दुसरी गुलाबमास्तरांची. आणि नियम कडक होता: पहिलीचा मान वस्तादाचा, वस्ताद हातात हात घेऊन "आता तू" म्हणत नाही, तोवर दुसरीवाल्याने पहिली वाजवायची नाही. घरी, शेतात, एकटं असतानासुद्धा नाही. वस्ताद एका चैत्रात अचानक गेले. "आता तू" म्हणायचं राहून गेलं.

मास्तरांचा सगळा स्वभावच दुसरीचा झाला होता. तुम्ही बोललात की तुमच्या वाक्याचं शेपूट उचलून ते हलक्या आवाजात परत म्हणायचे. चालताना अर्धं पाऊल मागे. एसटीत जागा असली तरी उभे. पंगतीत शेवटी. त्यांच्या घरात त्यांच्या लेकीच्या लग्नाचा मोठा फोटो होता, त्यात नवरीचा बाप निम्मा चौकटीबाहेर. "फोटोवाल्यानं कापला का तुम्हाला?" मी विचारलं. "कापला न्हाई," मास्तर म्हणाले, "म्याच सरकलो."

त्या घरी मी गेले त्याचं कारण माझी चौकस बुद्धी. श्रावण संपला, गणपती आले, आणि मास्तर काही दात काढून घ्यायला येईनात. यायचे, बसायचे, दात किती हलतोय ते विचारायचे आणि जायचे. भाकरी दुधात कुस्करून खातो म्हणाले, सुपारी सोडली म्हणाले, मिश्रीसुद्धा सोडली. चाळीस वर्षांची मिश्री माणूस उगाच सोडत नाही. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "गानं करतोय, बाई. थर लावतोय." एवढ्यावर मला झोप कशी लागणार? परतीच्या वाटेवर मी मार्गासनीला उतरले.

अंगणात सगुणाबाई, म्हणजे मास्तरांच्या मंडळी, तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी मास्तर कुठे आहेत विचारलं. त्यांनी मान न उचलता सुपाने दिशा दाखवली. "त्ये काय, कनगीत."

कणगी म्हणजे भात साठवायची कळकाची भली मोठी टोपली, शेणामातीने आतबाहेर लिंपलेली, पुरुषभर उंच. भादव्यात ती रिकामी असते. त्या कणगीतून क्लॅरिनेटचा आवाज येत होता, दबका पण स्वच्छ. थोड्या वेळाने वरच्या तोंडातून मास्तरांचं डोकं निघालं, कानात वायरी, कपाळाला भुसा. मला बघून ते शिडीवरून इतक्या घाईने उतरले की मला दातांचीच भीती वाटली.

"आत आवाज घुमत न्हाई," ते म्हणाले. "शेनमाती सगळा घुमारा पिऊन टाकती. कुत्रं न्हाई, टेम्पो न्हाई, ही न्हाई."

"ही न्हाई," सगुणाबाई म्हणाल्या. "म्हंजी म्या. आयका."

लेकीने तिचा जुना मोबाईल बापाला दिला होता. त्यात आवाजावर आवाज चढवायची सोय होती. एक वाजवायचं, मग ते कानात ऐकत त्यावर दुसरं, मग तिसरं. मास्तर त्याला थर म्हणत, गवताच्या गंजीला असतात तसे. त्यांनी मला ऐकवलं. आधी देवळातून मागून आणलेल्या पेटीचा लांबलांब सूर. त्यावर बुलबुलतरंग, म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य, टणटण करत, जुन्या घड्याळाच्या पोटात काहीतरी चाललंय तसं. खाली एक जाडा पितळी भोंगा. मग एक क्लॅरिनेट, तिच्या पोटात दुसरी, तिच्याही पोटात तिसरी. सगळे मास्तरच. मी आयुष्यात फार संगीत ऐकलेलं नाही, पण उभ्या जागी बसले. सगळ्या चाली आपापल्या वाटेने चालल्या होत्या आणि कुणी कुणाला धक्का लावत नव्हतं.

पण काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर कळलं.

"मास्तर, यात गाणं कुठं आहे?"

"गानं?"

"चाल. जी आपण घरी जाऊन गुणगुणू, ती."

सगुणाबाईंनी सूप खाली ठेवलं आणि पोट धरून हसायला लागल्या. "बाई, तुमाला विंझरच्या वरातीचं म्हाईत न्हाई वाटतं?"

मग त्यांनी ते सांगितलं. वस्ताद गेल्यानंतरची पहिली लग्नसराई. विंझरला वरात. पहिलीवर एक नवा गडी घेतलेला, तो आयत्या वेळेला आलाच नाही. नवरदेव घोड्यावर, पोरं नाचायला उभी, ढोलताशाने सुरुवात केली. आता सगळे मास्तरांकडे बघायला लागले. मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडाला लावली आणि दुसरी वाजवली. नुसती दुसरी. पोरं दोन पावलं नाचायची आणि थांबायची, कुठलं गाणं चाललंय तेच कळेना. शेवटी कुणीतरी ओळखलं आणि वऱ्हाडातल्या बायकाच चाल गायला लागल्या. देवळापर्यंत वरात बायकांनी गात नेली आणि मास्तर खाली दुसरी वाजवत चालले. लोक अजून त्यांना चिडवतात.

"अहो, पण चाल येत होती ना तुम्हाला?" मी विचारलं.

"येत व्हती. पर मला कुनी आता तू म्हनलं न्हाई." मास्तर हसत नव्हते. "हितं तरी पयली शेवटाला ठिवलीया. सगळं मांडून झालं, पाट, रांगोळी, मग मानाचा मानूस बसतो ना, तसं. आता तेवढीच ऱ्हायली. जल्मात एकदा वाजवीन म्हनतो. वस्ताद काय म्हनायचं त्ये वर गेल्यावर म्हनतील."

म्हणजे दात दिवाळीपर्यंत हवे होते ते यासाठी. त्यांना एकदा, स्वतःच्या गाण्यात, पहिली वाजवायची होती. मी त्यांच्या हिरड्या पाहिल्या होत्या, त्यामुळे मला तिथे बसवेना. "मग आजच वाजवा," मी म्हणाले. "आत्ता. मी थांबते."

"आज न्हाई. दसऱ्याला. वस्ताद दसऱ्यालाच वाद्यं पुजायचं, आन् मंगच नवीन काय त्ये धरायचं." मग मला समजवायला म्हणून त्यांनी बोटं हवेत धरली. "पयली बोलती तवा दुसरीनं गप बसायचं. पयलीनं दम घेतला, की दुसरीनं बोलायचं. ती थांबली की ही पळती. ह्ये एवढंच हाय त्यात."

"आन् दसऱ्याच्या पुढं भात कापनीला येतंय," सगुणाबाई म्हणाल्या. "मला कनगी पायजे. सांगून ठिवते."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी दवाखाना उघडायच्या आधी मास्तर बाकड्यावर बसलेले होते. तोंडावर पंचा. त्यांनी हात पुढे केला, तळहातावर सुपारीच्या कागदात दोन्ही दात होते. पूजा झाली, फूल वाहिलं, कणगीत उतरले, पहिलीचा पहिला सूर लावला आणि दातांनी जागा सोडली.

"बसवा," ते म्हणाले.

हे माझ्या खुर्चीत अनेकांनी म्हटलं आहे. कुणी विनोदाने, कुणी रडत. मास्तर अगदी साधेपणाने म्हणाले, सायकलची चेन बसवा म्हणावं तसं. मी त्यांना सांगितलं की हाडच उरलेलं नाही, बसवू कशात. मग विचारायचं ते विचारलंच त्यांनी, कवळीवर वाजवता येईल का. येतं काही जणांना. पण जखमा भरायच्या, माप घ्यायचं, कवळी तोंडात रुळायची, आणि चाळीस वर्षं ज्या दातांनी सूर धरला तो प्लॅस्टिकवर धरायला पुन्हा शिकायचं. मी खोटं बोलले नाही. बोलायला हवं होतं का, असं आजही वाटतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

"मग तोंडाने गा ना चाल," मी म्हणून गेले. "क्लॅरिनेटच कशाला पाहिजे?"

मास्तरांनी माझ्याकडे, मी काही अशुभ बोलल्यासारखं पाहिलं. "गायचं?" पंच्याआडून म्हणाले. "म्या?"

त्यानंतर बरेच दिवस ते आले नाहीत. मी मनाशी ठरवून टाकलं की गाणं बुडालं. दिवाळीच्या तोंडावर हिरड्या दाखवायला म्हणून आले तेव्हा बरोबर सगुणाबाई होत्या. मास्तर खुर्चीत बसले, पण तोंड उघडेनात, नुसते हसत होते. सांगितलं ते बाईंनीच.

भात कापून झोडून अंगणात पडलेलं. आभाळ भरून आलेलं. आणि हे कणगीत, मोबाईल हातात घेऊन नुसते बसलेले. गात नाहीत, निघत नाहीत. "म्या शिडीवर चढले," सगुणाबाई म्हणाल्या, "आन् वरनं म्हनलं, गायचं तर आता गा, न्हाईतर भाईर निघा. म्या आता भात वतनार. तुमच्यावर वतनार. पाटी घेतलीच हातात."

"मग?"

"मग काय. गायले."

"आता तू म्हनली ना ती," मास्तर म्हणाले. तोंडातून हवा सुटत होती, पण शब्द कळले.

"म्या कुटं म्हनलं? म्या म्हनलं भाईर निघा."

"त्येच की."

मग त्यांनी मोबाईल काढला. सगळे थर एकावर एक आले, पेटी, बुलबुलतरंग, भोंगा, तिन्ही क्लॅरिनेटा, आणि त्या सगळ्यांच्या वर एक म्हातारा, पुढचे दात गेलेला, थोडा घाबरलेला आवाज, शब्दही मास्तरांचेच.

*वरात गेली पुढं पुढं, मागं उरली धूळ,*
*धुळीमंदी वाजत ऱ्हायलं एका म्हाताऱ्याचं खूळ…*

पुढच्या कडव्यात "स" आला की दातांच्या फटीतून शीळ वाजायची, तीही सुरात. बाहेर बाकड्यावर बसलेली माणसं दारात येऊन उभी राहिली. मी मास्तरांच्या हिरड्या बघायच्या विसरले आणि त्यांनीही आठवण केली नाही.

लेकीने ते गाणं इंटरनेटवर टाकलं. गाव म्हणेल ते म्हणेल, पण ऐकलं लोकांनी. कुठल्यातरी शहरातल्या कुणीतरी खाली लिहिलं की हे बरोक पॉप आहे. मास्तरांनी मला विचारलं, ही शिवी आहे का. मी शोधून सांगितलं, की गाणं साधंच, कुणीही गुणगुणावं असं, पण त्याला शेकडो वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या दरबारी संगीताचा साज. वर एक चाल आणि खाली अनेक चाली एकमेकींत गुंफलेल्या.

"दरबारी," मास्तर विचार करत म्हणाले. "म्हंजी वस्ताद खरं बोलत व्हते तर."

मला वाटतं त्यांना गाण्याच्या कौतुकापेक्षा या गोष्टीचा जास्त आनंद झाला. खऱ्याखोट्याचा निकाल माझ्या मोबाईलने लावला, असं ते पुढे सगळ्यांना सांगत असत, आणि मी ते खोडून काढायच्या भानगडीत पडले नाही.

माघात विंझरहून एका नवऱ्या मुलाचे काका मार्गासनीत आले. तेच विंझर. गाणं ऐकून वरातीला आख्खी पार्टी ठरवायला आले होते. मास्तर म्हणाले, पार्टी नाही, मी एकटाच आहे. काकांना पटेना. त्यांनी मोबाईल कानाला लावून पुन्हा ऐकलं आणि म्हणाले, "बरं, गानारं तुमी. पर मग ही दुसरी कोन वाजवतंय? त्यो मानूस लई झ्याक हाय. त्याला तरी आना."

ही हकीकत मास्तरांनी मला कवळीचं माप देताना सांगितली, तोंडात मापाचा मसाला असताना, हातवारे करून. माप बिघडलं. पुन्हा घ्यावं लागलं. कवळी त्यांना छान बसली, पण क्लॅरिनेट तिच्यावर रुळली नाही. सूर यायचा, टिकायचा नाही. दोनतीन महिने त्यांनी खटपट केली आणि मग क्लॅरिनेट पंच्यात गुंडाळून आढ्याला टांगली. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, आणि मी एवढी चौकस, पण मीही विचारलं नाही.

मास्तर गेले ते मला भोरला उशिरा कळलं. तोवर मी वेल्ह्याचं जाणं बंद केलं होतं. त्यांना शेवटचं पाहिलं ते अशाच एका शेवटच्या शेवटच्या फेरीत, वेल्ह्याहून सुटणाऱ्या दुपारच्या गाडीत. गाडी निम्मी रिकामी, तरी ते दांडा धरून उभे. दुसऱ्या हातात छत्री. मी हाक मारणार, एवढ्यात पुढच्या बाकावर एका कॉलेजच्या मुलीने मोबाईलवर गाणं लावलं. पेटीचा लांब सूर आला. मग बुलबुलतरंग.

मास्तर तिच्या मागेच उभे होते, अर्धं पाऊल. मुलगी खिडकीबाहेर बघत चाल गुणगुणायला लागली. मधेच तिला जाणवलं असावं, तिने वळून पाहिलं आणि आवाज कमी करत म्हणाली, "आजोबा, तरास होतोय का?"

"तरास न्हाई," मास्तर म्हणाले. "वाजू दे."

"आवडलं? आपल्या हितल्याच कुनाचं तरी हाय म्हनत्यात."

"व्हय," मास्तर म्हणाले. "हितल्याच कुनाचं तरी."

मला राहवेना. मी तोंड उघडलं, ओरडून सांगणारच होते त्या मुलीला. मग माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. छत्रीच्या दांड्यावर त्यांची बोटं चालली होती. मोबाईलमधला त्यांचा स्वतःचा आवाज गात होता तोवर बोटं गप्प बसायची. त्याने दम घेतला की पळायची. आयुष्यात एकदाच ते पहिले झाले होते, आणि आता त्या पहिल्याला साथ करायला स्वतःच उभे होते.

मार्गासनी आलं. मास्तर सगळ्यांच्या शेवटी उतरले. गाणं अजून संपलं नव्हतं, मुलीने माझ्यासाठी की कुणासाठी कोण जाणे आवाज पुन्हा वाढवला, आणि कंडक्टरने घंटी मारली. मी खिडकीतून वाकून मागे बघत राहिले. रस्त्याच्या कडेला धुळीत मास्तर उभे होते आणि गाडी दूर जाईपर्यंत त्यांची बोटं छत्रीवर चाललेली मला दिसत होती.